न बसणारं वासरू

ताट वाढलंय, भाकर गार व्हायलीय, आणि जेवणारा माणूस मोबाइलात डोकं घालून बसलाय. हे चित्र आमच्या घरात नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारा कुणी असेल, तर त्याला माझा दंडवत! आपल्याकडं मोबाइलात डोकं घालणारा बहुधा शाळकरी पोरगा असतो आणि त्याच्या नावानं शिमगा करायला आपण मोकळे असतो. परभणीकडच्या चारठाण्यात मात्र तो माणूस अडुसष्ट वर्षांचा होता. दत्तराव त्यांचं नाव. समोर ताट वाढून बसलेली होती त्यांची एकुलती एक लेक, राजेश्री.

ती त्याच सकाळी पुण्याहून आली होती. आई जाऊन तीन महिने झाले होते. तेराव्यानंतर ती पुण्याला परतली, ती आता आली, आणि तीही आपणहून नाही. धम्मशीलाबाईंचा फोन गेला म्हणून. धम्मशीलाबाई म्हणजे गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, राजेश्रीच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तुझ्या बापाचा डोळा जायलाय पोरी, आणि त्यांना त्याचं काहीच वाटेना. ये लवकर."

"आबा, जेवा की."

"थांब बाई, हिला चारा टाकू दे आदी."

राजेश्रीनं वाकून बघितलं. पडद्यावर तांबडं वासरू उभं होतं. कपाळावर पांढरा टिळा, डोळ्यांत पाणी. खाली अक्षरं होती : 'राजी भुकेली आहे. माय, तू विसरलीस का?'

तिचा हातातला घास हातातच राहिला. कारण हे वासरू तिनंच काढलेलं होतं!

राजेश्री पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होती. 'माझी दावण' हा खेळ तिच्याच डोक्यातून निघालेला. वासरू पाळायचं, त्याला नाव द्यायचं, चारापाणी करायचं. दर तीन तासांनी त्याला भूक लागणार. दुर्लक्ष केलं तर ते हंबरणार, रडणार, आणि तीन दिवस फिरकलं नाही तर मरणार. वासराच्या डोळ्यांत पाणी आणायची कल्पनाही तिचीच. त्या दिवशी कार्यालयात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माणसं खेळाला चिकटून राहतात म्हणून तिला बक्षीसही मिळालं होतं.

हा फोन आईचा होता. वासराला 'राजी' हे नावही आईनंच दिलेलं. घरात राजेश्रीला याच नावानं हाक मारत.

"आबा, दोनदा तारीख मिळाली म्हणं परभणीच्या दवाखान्यात. मोतीबिंदू पिकलाय. गेला का न्हाईत तुमी?" आईबापासमोर बसली की तिची पुण्याची भाषा आपोआप गळून पडायची.

"तिथं फोन ठिवून घेत्यात. दिवसभर पडून ऱ्हावं लागतंय, पुन्ना पट्टी. ह्याला चारा कोण टाकावं?"

"मी टाकते की!"

"तुला न्हाई जमायचं. शबूद मी दिलाय."

मग ते थांबून थांबून बोलले. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर चार कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. भाऊबंद ताटकळले. दत्तरावांनी हात जोडून सांगितलं, लेकीला अंतर देणार न्हाई. कावळा हलला नाही. गाईला इकणार न्हाई. तरी नाही. तेवढ्यात त्यांच्या खिशातला बायकोचा, लक्ष्मीबाईचा, फोन हंबरला; ती गेल्यापासून तो वाजला की गप्प करायला ते अधूनमधून चारा टाकत होते.

"मला उमगलं, तिचा जीव कशात अडकलाय ते. म्या म्हणलं, लक्षीमे, तुझ्या राजीला एक येळ बी उपाशी ठिवणार न्हाई. तू जा. आन कावळा शिवला बग! सगळ्यांनी बगितलं."

बाया घरी होत्या, त्यामुळं राजेश्रीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आबा, अहो ते चित्र हाय नुस्तं!"

"चित्र हाय हे कळतंय मला. येडा न्हाई मी," दत्तराव शांतपणे म्हणाले. "पण कावळा खरा व्हता."

दत्तरावांनी फोन डोळ्याला भिडवला, उजव्या डोळ्यानं अंदाज घेत बोट फिरवलं. चारा भलतीकडंच पडला. पुन्हा फिरवलं. तोवर भाकर वाळून कडक झाली होती.

पुढचे दोन दिवस तिनं जे पाहिलं ते बघवत नव्हतं. वीज गेली की म्हातारा चार्जर घेऊन गिरणीवाल्याच्या दारात जाऊन बसायचा. धार काढताना फोन हंबरला की चरवी तशीच ठेवून उठायचा. गोठ्यातली खरी गाय दुपारपर्यंत पाण्याची वाट बघायची. पालमला राजेश्रीच्या चुलत्याच्या घरी लग्न होतं, तिकडंही आबा गेले नव्हते. देवळाच्या ओट्यावरचं सोबत्यांसोबतचं बसणं तर बंदच झालेलं. कुणी हाक मारली की म्हणायचे, "न्हाई जमायचं, घरी जनावर हाय."

तिसऱ्या दिवशी गोठ्यात बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "राजी, एक सांग. हे वासरू तू केलंस ना?"

"हो आबा."

"मग ते बसत का न्हाई ग? तीन महिने झाले, एकदा बी बसल्यालं बगितलं न्हाई. जनावराचं पोट भरलं की ते खाली बसतंय, रवंथ करतंय. आपण मग भाकर खायला मोकळे. ह्याचं काय दुखतंय का?"

राजेश्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बसलेल्या, रवंथ करणाऱ्या वासराचं चित्र तिनं काढलं होतं. सगळ्यात आधी तेच काढलं होतं, याच गोठ्याच्या आठवणीतून. मग तिनंच ते काढून टाकलं. बसलेलं वासरू दिसलं की माणूस समाधानानं फोन खाली ठेवील, म्हणून! शेतकऱ्याच्या लेकीनं जनावराचं पोटच काढून घेतलं होतं.

ती उठली ती थेट धम्मशीलाबाईंच्या घरी गेली. बाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मी कार्यालयात जाऊन आबांच्या वासराचं पोट कायमचं भरून टाकते. कुणाला कळणारही नाही. तेवढं करता येतं मला."

"ते करशील ग. पण बाकीच्यांचं काय? आणखी किती दत्तराव असतील, तू मोजलेत का?"

"खेळ वाईट नाही हो बाई. आई तर किती आनंदानं खेळायची."

"मी कुठं वाईट म्हणते? पस्तीस वर्षं पोरांचे खेळ घेतले मी. लंगडी, खो-खो, आट्यापाट्या. खेळावाचून लेकरू वाढत नाही, म्हातारंही जगत नाही. पण खेळाला दोन शिट्ट्या असतात. एक सुरू करायची, एक संपवायची. दुसरी वाजली की घामाघूम पोरं हसत घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं परत येतात. तुम्ही शिकलेसवरलेल्यांनी काय केलं? दुसरी शिट्टीच लपवून ठेवली! त्याला खेळ म्हणू नकोस. ते दावं आहे. तुमचं वासरू मोकळं आणि माणूस दावणीला."

बाईंचा आवाज जरा खाली आला.

"आणि आनंदाचं म्हणशील, तर एक सांगते. राग मानू नकोस. तुझी आई खेळायला बसायची नाही, वाट बघत बसायची. तुझा फोन यायचा आठ दिवसांनी, कधी पंधरा. ते वासरू दिवसातून आठदा हंबरायचं. मला म्हणायची, 'बाई, राजीनं धाडलंय हे. तिला सवड न्हाई म्हणून तिचं वासरू बोलतंय.' शेवटच्या आजारातसुद्धा चारा चुकवला नाही तिनं. म्हणे, लेकीच्या कामात खोट नको."

राजेश्री तिथंच मातीत बसली. माय मरो! कुणाच्या आईला आपण काय विकलं आणि स्वतःच्या आईला काय द्यायचं राहिलं, हे तिला त्या अंगणात कळलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. रडू नको असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

पुण्यात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं बैठक मागितली. कंपनीचे प्रमुख महारुद्र, मूळचे पालमचे. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यांवर त्यांचा जीव. तिनं बसलेल्या वासराचं जुनं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर लावलं.

"हे तर आपण काढून टाकलं होतं ना?" महारुद्र म्हणाले. "हे दिसलं की माणूस फोन खाली ठेवतो."

"ठेवू द्या ना सर! फोन खाली ठेवून जेवू द्या त्याला!"

खोलीतले सगळे चमकून बघू लागले. राजेश्रीनं मग काहीच लपवलं नाही. पिंड सांगितला, कावळा सांगितला, बापाचा डोळा सांगितला, आईचंही सांगितलं.

"सर, दिवसातून दोनदा वासरू जेवेल. पोट भरलं की बसेल. दिवेलागणीला गोठा बंद होईल, मग कितीही ठोठावा, उघडायचा नाही. मालक आठ दिवस आला नाही तर शेजारी चारा टाकतील, जसं गावात टाकतात. पण वासरू मरणार नाही, आणि 'विसरलीस का' असं कुणाला विचारणार नाही. आणि एक दिवस ते मोठं होईल, कळपात जाईल. खेळ संपेल. समाधानानं संपेल."

"खेळ संपवायचा? लोक परत आले नाहीत तर?"

"पोटभर जेवून उठलेला माणूस उद्या परत जेवायला येतोच, सर. आपण पुढचा खेळ चांगला करू, त्यासाठी येतील. ज्याला पंगतीतून उठूच देत नाही, तो एक दिवस ताट भिरकावून जातो."

महारुद्रांनी पुन्हा त्या चित्राकडं बघितलं.

"माझी आई खेळते हे," ते हळूच म्हणाले. "पालमला एकटी असते."

"दिवसातून किती वेळा खेळतात त्या?"

"विचारलं नाही कधी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "करा. आकडे खाली आले तर मी बघतो काय ते."

तीन आठवडे राजेश्रीनं मान वर केली नाही. रोज दुपारी मात्र आबांना फोन करायची. ते म्हणायचे, "घाईत हाय, राजीला चारा टाकायलोय." आणि फोन ठेवायचे. दवाखान्याची तिसरी तारीखही तशीच गेली.

नवा खेळ घेऊन ती चारठाण्याला आली तेव्हा चैत्र सरत आला होता. ओसरीवर दत्तरावांनी फोन डोळ्याशी नेला, चाचपडत चारा टाकला. वासरानं खाल्लं, पाणी प्यालं, आणि पुढचे पाय मुडपून खाली बसलं. जबडा हळूहळू हलू लागला. म्हातारा बघतच राहिला.

"बसलं ग!"

अक्षरं त्यांना दिसेनात. राजेश्रीनं वाचून दाखवलं, "राजीचं पोट भरलं. आता तुम्ही जेवून घ्या."

त्या दिवशी दत्तराव चार महिन्यांत पहिल्यांदा ताटावरून न उठता जेवले. जेवता जेवता रडत होते, पण जेवले.

आणखी दहा दिवसांनी वासराची गाय झाली. पडद्यावर गावाचं कुरण होतं, लांब कळप चरत होता. राजेश्रीनं वाचलं, "तुम्ही हिला नीट सांभाळलंत. आता तिला निरोप द्या." दत्तरावांनी फोन पाटावर ठेवला. उठून आतून हळदकुंकवाची कोयरी आणली, पडद्यावरच्या गाईला बोट लावलं आणि हात जोडले.

"लक्षीमे, शबूद पुरा झाला. जा आता."

गाय कळपात गेली. निरोपाला आलेल्या धम्मशीलाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्याच दिवशी राजेश्रीनं वडिलांना परभणीला नेलं. उजवा डोळा वाचला. डाव्याला मात्र उशीर झाला होता. "थोडं आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि राजेश्रीनं ते वाक्य मुकाट ऐकून घेतलं. ते थोडं आधी कुणी अडवलं होतं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

घरी परतल्यावर पट्टी बांधलेले दत्तराव खाटेवर पडून होते. आईचा फोन उशाशी होता.

"राजी, आता ह्यो वाजणार न्हाई?"

"न्हाई आबा."

चाचपडत त्यांनी लेकीचा हात धरला.

"मग तू करत जा."

वाचकहो, खेळ करणाऱ्यांच्या हातात मोठी ताकद आहे. लेकराला हसवायची, एकट्याला सोबत द्यायची. ती ताकद माणसाला बांधून ठेवण्यात खर्च करू नका. ज्या खेळात 'पुरे' म्हणायची सोय नाही, तो कितीही देखणा असो, तो खेळ अपुरा आहे. आणि आपण खेळणाऱ्यांनी, आपण लेकांनी-लेकींनी एवढंच करावं. आपली माणसं कशाची वाट बघत त्या पडद्यासमोर बसलीत, हे जाऊन विचारावं. राजेश्री आता रोज फोन करते. आईला करायचा राहून गेला, तो मात्र कायमचा राहिला.