हरकत कुणाचीच नव्हती

जपानमधल्या बेप्पू गावातल्या त्या गल्लीचं गरम पाण्याचं न्हाणीघर हिसानो बावीस वर्षं सांभाळत होती, आणि गल्लीच्या मंडळाने ते एका दुपारी चहा निवायच्या आत बंद करून टाकलं.

"माणसं कमी येतात. महिनाअखेर कुलूप. हरकत नाही ना?" खजिनदाराने विचारलं. सहा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. झालं! चहा घेऊन आलेली हिसानो जागच्या जागी थबकली. पण मंडळावर नसलेल्या बाईने मध्ये बोलायची रीत नाही.

त्या आठवड्यात मंडळातल्या सगळ्यांच्या कपाळावर विद्यापीठाच्या पट्ट्या होत्या. झोपेच्या अभ्यासासाठी मेंदूतल्या लहरी त्या रात्रंदिवस टिपत. अभ्यासात सामील व्हायला अध्यक्ष इवाकिरींनी पहिली सही ठोकली, मग मागे राहतो कोण?

पंधरा दिवसांनी संशोधक सुएनागाबाई पाकिटं घेऊन आल्या. "ज्याचं त्यानेच उघडायचं. तुमची नोंद इतर देशांतल्या संशोधकांना द्यायची असेल तर खाली सही करा. नाव कुठेही जाणार नाही."

हिसानोने हिय्या केला. "अध्यक्षसाहेब, मंडळ भरलं त्या दुपारचं बघता का जरा?"

"मी डोळे मिटून ऐकतो, हिसानोसान. चाळीस वर्षांची सवय आहे."

"मग कागदही तेच सांगेल की!"

इवाकिरींनी पाकीट फोडलं आणि त्यांचे कान लाल झाले. कागद गुपचूप खिशात घातला असता तरी कुणी चकार शब्द काढला नसता; दुसऱ्याची लाज झाकायची, हाच तिथला शिष्टाचार. हिसानोचा जीव टांगणीला लागला. पण म्हातारा सच्चा निघाला. त्याने कागद टेबलावर आपटला.

"दोन दहा ते दोन पन्नास, झोप! आणि न्हाणीघराचा ठराव कितीला होता?"

"दोन पस्तीसला," खजिनदार पुटपुटला.

"मग मी मान कशाला डोलावली?"

"पेंगत होतात," हिसानो म्हणाली.

मग एकेक पाकीट फुटलं. सहाच्या सहा कुंभकर्ण! जागा होता तो एकटा ठराव वाचणारा खजिनदार. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

"पुन्हा वाचा," इवाकिरी डोळे पुसत म्हणाले.

खजिनदाराने घसा खाकरला. "...महिनाअखेर कुलूप. हरकत नाही ना?"

"आहे!" इवाकिरी गरजले. "रोज त्या पाण्यात शेकून जातो म्हणून गुडघे चालतात माझे!" पाठोपाठ पाच हात वर गेले. हिसानोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

इवाकिरींनी सुएनागाबाईंच्या कागदावर झोकात सही केली. "जगभर वाटा. फक्त आमच्या हिला दाखवू नका. दुपारी माझा डोळाही लागत नाही, असं सांगून ठेवलंय मी तिला."

हिसानोने मात्र ते ऐकलंच नाही. चार वाजता दार उघडायचं होतं. ती कधीच पाणी बघायला पळाली होती.