रिकामा फ्लॅश

मी एक जुना रोलचा कॅमेरा आहे. नाशिकला पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेला असतो. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपलंच कौतुक सांगतात. मीही थोडं सांगेन, सवय जात नाही. पण मला खरं तर एक कबुली द्यायची आहे. मला मान नाही, नुसता पट्टा आहे, तरी ती गोष्ट आठवली की मान खाली गेल्यासारखं होतं.

जपानमधल्या एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. तिथून फिरत फिरत मी ललितच्या हातात आलो. ललित तेव्हा पंचविशीचा होता आणि त्याने नुकताच स्टुडिओ थाटला होता. सकाळी दुकान उघडलं की तो आधी माझी काच पुसायचा, मग स्वतःचा चष्मा. लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंगं, कुठे म्हणून गेलो नाही! "ललितचा कॅमेरा म्हणजे काय विचारता," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. मोठ्या माणसांचे फोटो काढायला तर मला भारी आवडायचं. हार, शाल, नारळ दिसला की मी खूश.

आता तुम्हाला एक समजावून सांगतो. तुमच्या मोबाइलवर हवे तेवढे फोटो निघतात. माझ्या पोटात एक रोल बसायचा आणि त्यात फोटो फक्त छत्तीस. काढलेला फोटो लगेच दिसायचाही नाही. रोल धुऊन प्रिंट येईपर्यंत माणसं वाट बघायची. त्यामुळे लग्नात कुणी उगाच मागे लागलं, "ओ फोटोवाले, आमचाही एक घ्या की!" तर ललित मला डोळ्याला लावायचा आणि माझ्या डोक्यावरच्या फ्लॅशमागचं लाल बटण दाबायचा. लख्ख उजेड पडायचा. पण माझं शटर उघडायचंच नाही. माणूस खूश, रोलही शाबूत. याला आमच्या धंद्यात रिकामा फ्लॅश म्हणत. बरेच जण हे करायचे आणि चहा पिताना एकमेकांना सांगून हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचो.

१९९७ च्या जानेवारीत, एका रविवारी, गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या मैदानावर लोकवाद्यांचा जलसा होता. दुपारचे चार वाजले असतील. काय रंग भरला होता म्हणून सांगू! संबळवाल्याच्या काठ्या इतक्या झपाझप चालत होत्या की मला त्या पकडताच येईनात. बँजोवाला डोळे मिटून तारा छेडत होता आणि समोरची पोरंसोरं उड्या मारून धुरळा उडवत होती. ललित कधी गुडघ्यावर बसत होता, कधी खुर्चीवर चढत होता. ढोलकीवाल्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला, अगदी त्याच क्षणी त्याने बटण दाबलं. तो फोटो पुढे कितीतरी वर्षं स्टुडिओच्या काचेत लावलेला होता.

आकडा एकतीसवर आला. ललितने दुसऱ्या रोलसाठी बॅगेत हात घातला, तर हातात रिकामी डबी आली. तेवढ्यात आयोजक चंदरशेठ घाईघाईने आले.

"ललित, पाहुणे दहा मिनिटांत पोचतायत. सत्काराचे फोटो नीट आले पाहिजेत बरं का. रोल आहे ना?"

"आहे ना शेठ. पाच शिल्लक आहेत. तेवढे पाहुण्यांसाठीच ठेवतो."

आणि नेमके तेव्हाच मंगळूबाबा मंचावर आले. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून त्यांची मंडळी सकाळीच ट्रकने आली होती. साठीचे, काटक, डोक्याला पांढरं फडकं. हातात पावरी. पावरी तुम्ही पाहिली नसेल. वाळलेल्या भोपळ्याची, बांबूच्या नळ्यांची, हातभराहून लांब, मोराची पिसं लावलेली. तिचा सूर एकदा लागला की नाचाचा फेर पुरा होईपर्यंत तुटू द्यायचा नसतो, अशी त्यांची रीत. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि तोंडाने फुंकत राहतो. त्या सुरावर पोरं एकमेकांच्या कमरेला धरून नाचतात. सूर तुटला की पाय चुकतात आणि मग वाजवणाऱ्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

बाबांनी सूर धरला आणि सगळं मैदान गप्प झालं. गाल फुगलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे मात्र हसरे. मित्रांनो, असा चेहरा समोर आला की कॅमेऱ्याने रोलचा हिशेब करायचा नसतो. बाबांचं लक्ष ललितकडे गेलं. वाजवता वाजवताच त्यांनी एका हाताने डोक्याचं फडकं सारखं केलं, मान ताठ केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. काढ म्हणून सांगायला शब्द कशाला हवेत?

ललितने मला डोळ्याला लावलं. त्याचं बोट माझ्या बटणाकडे आलंच नाही, ते मागच्या लाल बटणाकडे गेलं. लख्ख! बाबांचे डोळे दिपले आणि त्यांचा सूर तुटला. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, कुणीतरी ओरडलं, "आरं बाबा, हे काय!" बाबांनी पुन्हा सूर धरला आणि फेर पुरा केला. मंचावरून उतरल्यावर ते सरळ आमच्याकडेच आले.

"निघाला का रं भाऊ?"

"निघाला बाबा. एक नंबर!"

"सूर तुटला रं. जल्मात तुटला नव्हता. पन फोटू निघाला ना, मंग झालं!" असं म्हणून ते मनापासून हसले. त्यांनी माझ्या काचेवरून बोट फिरवलं. ते बोट खरबरीत होतं आणि मी मात्र पाहुणे आले का ते बघत होतो. हो मित्रांनो, हा मी!

पाहुणे आले. पाच फोटो निघाले. तीन फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले होते. ते फोटो न्यायला कधी कुणी आलंच नाही. अजून खालच्या ड्रॉवरमध्ये पडलेत.

दोन महिन्यांनी मंगळूबाबा स्टुडिओत आले. ललितने सांगितलं, "लॅबमध्ये अडकलाय बाबा. पुढच्या खेपेला या." बाबा आनंदाने गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले. तेव्हा ललित म्हणाला, "इतक्या गठ्ठ्यातून तुमचा कसा ओळखू? शोधून ठेवतो." एक खोटं लपवायला दुसरं. मी काउंटरवर बसून ऐकत होतो. खोटं ललित बोलत होता, पण ज्याच्या जोरावर बोलत होता तो मीच होतो ना?

सन २००० मध्ये एका सकाळी सावित्रीबाई आल्या. मंगळूबाबांची बायको. एकट्याच, एसटीने. काखेत गोधडीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं, गाठ सोडली. आत पावरी होती.

"तू म्हनला व्हता ना, कसा वळखू म्हनून? ही बघ. ही ज्याच्या हातात हाय, तो आमचा फोटू."

"बाबा नाही आले?" ललितने विचारलं.

"ते गेले. परवा त्येंचे दिवस हायेत. समदे म्हनत्यात, फोटूला हार घालू. दुसरा फोटूच नाय रं त्येंचा. हाच एक हाय."

ललितने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिसरं खोटं येणार. पण तो म्हणाला, "मावशी, फोटो नाही. मी काढलाच नव्हता."

"आसं कसं? चमकला ना! त्येंनी सांगलं ना मला."

"नुसताच उजेड पाडला होता. आत काही उमटलं नाही."

सावित्रीबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "जल्मात एकदा सूर तुटला त्येंचा, त्या चमकीपायी. समदा पाडा हसायचा, आन ते म्हनायचे, हसा, माझा फोटू नाशकात हाय. मंग ती चमक कशाची व्हती रं भाऊ?"

 

मग त्यांनी पावरीवरून हात फिरवला. "मंग हिचा काढ. हार हिलाच घालीन. पन आदी दाव मला, आत उमटायचं काय असतं ते हाय का."

मित्रांनो, भरलेल्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उजेडात उघडायचं नसतं. उघडलं की रोल जळतो, काढलेलं सगळं जातं. त्या दिवशी माझ्या पोटात ललितच्या मुलीच्या, शुभांगीच्या, पहिल्या वाढदिवसाचे फोटो होते. कागदी टोपी, केक, नुकतेच आलेले दोन दात. ललितला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने मला उचललं, दुकानाच्या दाराशी उन्हात नेलं आणि खटकन झाकण उघडलं. रोल ओढून सगळाच्या सगळा बाहेर काढला आणि सावित्रीबाईंच्या हातात दिला.

"हाच व्हय?"

"हाच."

त्या रोलवर काय होतं ते त्याने त्यांना सांगितलं नाही. मग त्यांच्यासमोर नवा रोल भरला आणि पावरी कुशीत धरून बसलेल्या सावित्रीबाईंचा फोटो काढला. एक नाही, अख्खे छत्तीस. त्या एकदाही हलल्या नाहीत.

दिवसांच्या कार्याला ललित स्वतः प्रिंट घेऊन पाड्यावर गेला. मी त्याच्या गळ्यात होतो. आम्हाला बसायला घोंगडी दिली, कोरा चहा दिला. एक म्हातारा म्हणाला, "तुमचा रोल खराब झाला म्हनं. चालायचंच भाऊ, मशीन हाय." सावित्रीबाईंनी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. आम्ही त्यांना फसवलं आणि त्यांनी आमची अब्रू झाकली.  काळं पडावं इतकी मला लाज वाटली, पण मी मूळचाच काळा.

परत आल्यावर ललितने त्या लाल बटणावर चिकटपट्टी लावली. ती अजून तशीच आहे. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि मी फळीवर गेलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. लोक म्हणतात जुन्या वस्तू जपा. मला जपू नका, मित्रांनो. पण कुणी मान ताठ करून तुमच्यापुढे उभं राहिलं, तर त्याच्याकडे खरोखर बघा. बघितल्याचं नाटक करू नका. त्याला कळत नाही म्हणून तर मुळीच करू नका.

परवा शुभांगीने मला खाली काढलं. ती आता दहा वर्षांची आहे. अल्बम मांडीवर घेऊन तिने विचारलं, "बाबा, माझ्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो कुठे आहेत?" ललितने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं, ती वाढदिवसाच्या फोटोंसाठी रुसेल. पण तिने माझ्यावरची धूळ फ्रॉकने पुसली आणि विचारलं,

"पण बाबा, पाच शिल्लक होते ना? मग त्या आजोबांना एक का नाही दिला?"