सोन्याचं बियाणं

बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी ही झुंबड! मधोमध खुर्चीत तो भोंदू, खाणमहाराज. ज्यांनी उभा जन्म दगड फोडले, तीच माणसं त्याच्यापुढे माना डोलावत होती. मला तर किळस आली.

"सोनं जिवंत असतं, बाळांनो!" महाराज बरळत होते. "खडकाच्या पोटात वाढतं. पण बियाणं लागतं! घरातलं सोनं पेरा, खाण पुन्हा भरेल!"

मग खाणीतल्या दगडाची पूड गरम पाण्याच्या परातीत पडली. महाराजांनी काहीतरी पुटपुटत ती काठीने ढवळली, गढूळ पाणी ओतून दिलं. तळाशी पिवळे कण! जयजयकार झाला.

खाणीच्या धुळीने दादाची छाती पार निकामी झालेली. चार पावलांत धाप लागते. औषधांसाठी वहिनीच्या दोन बांगड्या तेवढ्या उरलेल्या, आणि हा त्याच पेरायला निघाला होता.

"दादा, शुद्धीवर आहेस का?"

"तू शाळेत शिकवतेस तेवढं शिकव. डोळ्यांनी बघितलंय मी."

"अरे, पृथ्वी घडायच्याही आधी तारे एकमेकांवर आदळले, त्यात सोनं तयार झालं. पुढे जमिनीखालच्या कढत पाण्यात विरघळून ते भेगांतून वर आलं आणि गारगोटीत अडकलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी! ते वाढत नाही. तुम्ही काढलंत, संपलं."

"तू गेली होतीस बघायला?"

आता याच्यापुढे काय डोकं फोडायचं! दुसऱ्या दिवशी मीच पूड घेऊन गेले. "महाराज, ही अगदी खोल बोगद्यातली."

"वा! हिच्यात तर सोनं उसळतंय!" ढवळलं. निघालं की सोनं!

"हा आमच्या संडासाचा पडलेला गिलावा आहे," मी म्हटलं.

एकजण हात जोडून म्हणाला, "महाराज केवढे थोर! संडासातूनही सोनं!"

मी कपाळावर हात मारला. गिलाव्यात सोनं कुठलं, ते काठीतूनच येणार! मी ती हिसकावली आणि तिचं दुसरं टोक ताज्या गरम पाण्यात धरलं. तिथलंही मेणाचं बूच वितळलं, पोकळीतून कानशीने घासलेला चुरा सांडला.

"परवा पेरायला दिलेली माझी अंगठी!" शेजारीण किंचाळली. "आमचंच सोनं घासून आम्हालाच दाखवतोय मेला!"

महाराज उठू लागले, पण लोकांनी वाट अडवली. दादाने बांगड्या वहिनीच्या हातात ठेवल्या. "उद्या दवाखान्यात जाऊ," तो धापा टाकत म्हणाला.

ताऱ्यांच्या टकरीत घडलेलं सोनं आपल्या पायाखाली सापडलं, एवढं नवल पुरे नाही का? वर या लबाडाची काठी कशाला? बाबांनो, आधी विचारा, तपासा. आणि औषधाचे पैसे औषधालाच ठेवा.