दोरीचं दुसरं टोक

मी एक जुना हातगाडा आहे. नांदेडात, बसस्टँडच्या पुढच्या वळणावर उभा असतो. केळीवाल्या पाशामियाँचा. माझं एक चाक कुरकुरतं, हे खरं. पण आजची कुरकुर चाकाची नाही, माझी आहे. हातगाड्याला कुठं राग येतो, असं तुम्ही म्हणाल. येतो, मित्रांनो. बावीस वर्षं गप्प उभा राहिलो, आता मात्र ऐकूनच घ्या.

माझा जन्म लातूरचा. पाशामियाँची बायको अमीरबी तिथली. तिच्या माहेरच्या गल्लीत निवृत्ती सुतार राहायचे. त्यांनी बाभळीच्या फळ्यांना रंधा मारला, खाली सायकलची चार चाकं बसवली आणि फळीवर थाप मारून म्हणाले, जपलात तर हा तुम्हाला पुरून उरेल. मग टेम्पोत चढवून मला नांदेडला आणलं. पाशामियाँचा आधीचा गाडा चोरीला गेला होता. धनी खोलीत झोपलेला, गाडा बाहेर. सकाळी पाहतो तर जागा मोकळी. तेव्हापासून त्याच्या मनात जे बसलं ते बसलंच.

दिवस मात्र चांगले होते. अर्धापूरची केळी पहाटे माझ्यावर चढायची आणि दुपारपर्यंत निम्मी संपायची. पाशामियाँची आरोळी अशी की बसमध्ये बसलेला माणूस खाली उतरून डझनभर घ्यायचा. अमीरबी दर जुम्याला मला धुऊन काढायची आणि लोक म्हणायचे, गाडा असावा तर असा.

मग अमीरबी गेली. पुढच्या वर्षी घरमालकानं खोल्या पाडून दुकानं काढायचं ठरवलं. नवी खोली बघायला गेलं की प्रत्येक घरमालकाचा एकच सवाल, गाडा कुठं लावणार? चार ठिकाणी हाच सवाल ऐकून म्हाताऱ्यानं खोली बघणंच सोडलं आणि तो माझ्यावर झोपायला लागला. माणूस बेघर झाला तो माझ्यापायी. हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्यापासून पन्नास पावलांवर बेघरांसाठी निवारा आहे. इमारत सरकारी, चालवते एक छोटी संस्था, आणि संस्था चालते सरकारच्या अनुदानावर. म्हणजे अनुदान आलं तर. त्या संस्थेच्या महामायाताई रोज संध्याकाळी फुटपाथवर फिरून लोकांना आत बोलावतात. आत वीस खाटा आहेत, पांघरुणं आहेत, आंघोळीला गरम पाणी आहे. आणि वीस खाटांवर झोपतात किती जण? चार!

का? कारण फुटपाथवर झोपणारा प्रत्येक जण काहीतरी राखत असतो. कुणाचा फुग्यांचा गाडा, कुणाचा चण्याफुटाण्यांचा, कुणाची भंगाराची सायकल. ते आत नेता येत नाही. निवाऱ्यापुढं चांगलं ऐसपैस आवार आहे, पण नियम असा की आवार मोकळं ठेवावं. कशासाठी मोकळं, ते नियमात लिहिलेलं नाही.

महामायाताईंनी अर्ज केला. फार काही मागितलं नव्हतं हो. आवारात गाडे लावायची परवानगी, वर चार पत्रे आणि बांधायला एक साखळी, एवढंच. उत्तर आलं की अनुदानात पत्र्यांसाठी हेड नाही. हेड म्हणजे खर्चाचा ठरलेला रकाना. टीव्हीला हेड आहे, कॅरमला आहे, जनजागृतीच्या फेरीला आहे, दारावरच्या फ्लेक्सलासुद्धा आहे. पत्र्यांना नाही. खाली आणखी एक प्रश्न विचारला होता: ज्याच्याकडे हातगाडा आहे, त्यास बेघर कसे म्हणावे? ताईंनी ते पत्र माझ्यापाशी उभं राहून पाशामियाँला वाचून दाखवलं. अरे शहाण्यांनो, मला काय खिडक्या आहेत? छत आहे? माझ्यावर स्वयंपाक होतो?

पौष लागला तशी गोदावरीकडून अशी बोचरी हवा सुटली की माझ्या फळ्या पहाटे दवानं भिजून जायच्या. म्हातारा खोकायला लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बजावलं, चाचा, आता उघड्यावर झोपलात तर छाती धरेल. ताई विनवून दमल्या. पाशामियाँचं आपलं एकच.

"बेटी, मी आत झोपलो आन् गाडा गेला, तर सकाळी उठून करू काय?"

तोड काढली ती सरजाबाईनं. ही निवाऱ्यात पाणी तापवते, झाडलोट करते. बाई देवणीकडची, बापाच्या दावणीला जातिवंत बैल होते. चोरांचा बोभाटा झाला की तिचा बाप बैलाचा कासरा मनगटाला बांधून घरात झोपायचा. बैल हलला की बाप उठलाच. तिनं एक लांबलचक सुताची दोरी आणली, एक टोक माझ्या दांड्याला बांधलं, दुसरं निवाऱ्याच्या खिडकीतून आत टाकलं आणि म्हणाली, "पायाला बांधा, चाचा. गाडा हलला की तुमी जागे. लई इचार करू नका."

त्या रात्री पाशामियाँ दोन वर्षांनी खाटेवर झोपला. मी बाजूच्या खिडकीखाली, रस्त्याच्या कडेला उभा. रात्रीतून चार-पाच वेळा दोरीला हलका झटका बसायचा. म्हातारा झोपेतच पाय ओढून मी आहे का ते बघायचा. मी होतोच. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. खोकला कमी ऐकू येत होता.

चार दिवसांत फुगेवाला आत गेला, फुटाणेवाला गेला, भंगारवाला गेला. आठवड्यात खिडक्यांतून अकरा दोऱ्या बाहेर आलेल्या. आम्ही अकरा जण ओळीनं भिंतीला लागून उभे, आणि आत माणसं घोरतायत. हजेरीचा आकडा चारावरून पंधरावर गेला. महामायाताईंचा चेहरा पहिल्यांदा फुललेला पाहिला. आता पुढच्या वर्षीचं अनुदान कुणी अडवत नाही, असं त्या सरजाबाईला म्हणत होत्या.

आणि एका रात्री तपासणी आली. आनंदराज साहेब म्हणून अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता, हे मी कबूल करतो. त्यांची जीप आवारात आली आणि बरोब्बर मधोमध उभी राहिली. त्या मोकळ्या ठेवायच्या आवारात! मला तेव्हा कळलं ते मोकळं कुणासाठी होतं.

साहेब आत गेले. पंधरा माणसं बघून खूश झाले. फोटो काढायला मोबाईल वर केला आणि तसाच खाली घेतला. अकरा माणसांच्या पायांना दोऱ्या! असा फोटो वर गेला तर माणसं बांधून ठेवली म्हणतील, माझी नोकरी जाईल, असं ते म्हणाले. शिवाय हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्यात असा नियम आहे, आणि इथं तर सगळ्या उघड्या. ताईंनी सगळं समजावलं. मग गाडे आवारात घेऊ द्या, एका मिनिटात दोऱ्या सोडते, म्हणाल्या. साहेबांनी एकदा जीपकडं पाहिलं, एकदा कागदाकडं पाहिलं आणि ते माझ्या हातात नाही असं सांगितलं. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, दोरी पायाला कशाला, खाटेला बांधा.

पाशामियाँ उठून बसला होता. अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, खाटेला जाग येत न्हाई."

म्हाताऱ्यानं पायाची गाठ सोडली, दोरी गुंडाळली आणि बाहेर आला. त्याच्यामागून फुगेवाला, मग फुटाणेवाला. एकेक करत अकराही जण आपापल्या गाड्याशी आले. आत खिडक्या लागल्या, फोटो निघाला. सोळा खाटा रिकाम्या. अहवालात लिहिलं गेलं: लाभार्थ्यांचा प्रतिसाद अल्प, अनुदानाबाबत फेरविचार व्हावा.

मित्रांनो, बावीस वर्षांत मी किती क्विंटल केळी वाहिली असतील, कधी कण्हलो नाही. त्या रात्री पाशामियाँ माझ्यावर येऊन आडवा झाला आणि पहिल्यांदाच मला तो जड झाला. उतर बाबा, जा आत, माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं ओरडावंसं वाटलं. पण मी पडलो लाकूड. तो खोकत राहिला आणि माझ्या फळ्या त्याच्यासोबत हादरत राहिल्या.

तो हिवाळा त्यानं काढला, पण थंडीनं त्याची आरोळी नेली. आता घशातून नुसती हवा येते. गिऱ्हाइकाची वाट बघत तो माझ्याशेजारी मुकाट उभा असतो आणि बस भरून निघून जाते. अनुदानाचा अडकलेला हप्ताही आला बरं का, ऐन मार्चात. त्यातून मंडप घालून घोंगड्या वाटल्या. पाहुणे कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. आम्हालाही एक मिळाली. ऊन लागू नये म्हणून ती केळीवर पांघरली आहे.

आता पुन्हा हवा फिरली आहे. महामायाताईंनी नवा अर्ज टाकला आहे, त्याच चार पत्र्यांचा. तुमच्यापैकी कुणी उद्या मोठं होऊन साहेब झालं, तर एवढं लक्षात ठेवा. थंडीत कुडकुडणाऱ्याला आत बोलावताना आधी विचारा, बाबा, तुझं बाहेर काय राहतंय? आणि आवारात त्याच्यासाठी चार हात जागा सोडा. मला आत यायचं नाही. मला म्हातारा आत गेलेला हवा आहे.

ती दोरी अजून माझ्या दांड्याला गुंडाळलेली आहे. त्यानं ती सोडलेली नाही.