येतानाची गाडी

“दशम्या दोन दिवस टिकतीन. तिसऱ्या दिवशी काय खासान? चिठ्ठी?”

कौशल्यानं हाताचं पीठ परातीत झटकत विचारलं. शालिकराम भुयारनं कागदावरून मान वर केली नाही.

“तिसऱ्या दिवशी पोहे. स्टेशनाच्या बाहेर निंगालं का उजव्या हाताले. देवराव मास्तरनं खाल्ले, गोदाबाईनं खाल्ले, रहमतुल्लानं खाल्ले. तिघाईचं पोट शाबूत राह्यलं.”

“आन् बंडूकडे कवा?”

“दुसऱ्या दिवशी. सांजचे पाच ते सात.”

“पोटच्या पोराले दोनच घंटे?” कौशल्याचा हात थांबला. “आख्ख्या परतवाड्याले माहा पोट्टा भेटते. जो जाते तो त्याच्या हातचा चहा पेऊन येते. मलेच तेवढा भेटत नाई बाप्पा!”

हे मात्र खरं होतं. आणि म्हणूनच शालिकराम आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी चिठ्ठी लिहायला बसला होता.

परतवाड्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यानं बत्तीस वर्षं काढली. लोक अमरावतीची गाडी कधी, अकोल्याची कुठं लागते एवढं विचारून जायचे. पण एखादा “काकाजी, मुंबईले जा लागते” असं म्हणाला की शालिकरामची कळी खुलायची. रद्दी तिकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो पेन्सिलीनं सगळा प्रवास लिहून द्यायचा. बडनेऱ्याला कोणत्या टोकाला उभं राहिलं की साधा डबा समोर येतो, फुकटचं थंड पाणी कुठं, धर्मशाळेत काय नाव सांगायचं, समुद्र कोणत्या बाजूनं बघितला म्हणजे चालावं कमी लागतं. तीन दिवसांत, कमीत कमी खर्चात, मुंबई. “तीन दिसात मुंबई होते,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. गंमत अशी की हा गडी स्वतः अकोल्याच्या पुढं कधी गेलाच नव्हता. सगळी माहिती आल्यागेल्याकडून काढून घेतलेली. पण त्यातही त्याचा एक कायदा होता, आणि त्या कायद्याचा त्याला भारी अभिमान. तीन तोंडं एक झाल्याशिवाय चिठ्ठीवर अक्षर लिहायचं नाही. एक जण म्हणाला डावीकडं वळा, दुसरा म्हणाला उजवीकडं, की तिसऱ्याची वाट बघायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तो रोज सकाळी स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसायचा आणि लोक खिडकी सोडून त्याच्याकडंच यायचे. खिडकीतला नवा माणूस कुरकुरायचा, पण मुंबईचं काही निघालं की तोही बोट बाकाकडंच दाखवायचा.

अलीकडं चिठ्ठ्यांची तऱ्हा बदलली होती. पूर्वी लोक बघायला जायचे. मग दवाखान्यासाठी जाऊ लागले. आणि मागच्या तीन-चार वर्षांत, कापसानं सगळ्या मुलखाचं कंबरडं मोडल्यावर, पोरं कामासाठी जाऊ लागली. त्यांच्या चिठ्ठीत समुद्र नसायचा.

बंडूचं स्टँडमागं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. हात सोन्याचा. पण गिऱ्हाइकं पंप टाकून जायची ती परत यायचीच नाहीत. कुणाकडं दुरुस्तीचे पैसे नव्हते, कुणाकडं फवारण्यासारखं पीक नव्हतं, आणि दोन-तीन जण तर आता कधीच येणार नव्हते. असे सतरा पंप अजून शालिकरामच्या मागच्या खोलीत पडून आहेत. प्रत्येकाला बंडूच्या अक्षरातली गावाच्या नावाची पट्टी. पोरानं दीड वर्ष कळ काढली आणि एक दिवस म्हणाला, “बाबा, मलेई एक चिठ्ठी द्या.”

शालिकरामनं दिली. छान, सुवाच्य. कुर्ल्याच्या रंगाच्या गोदामापर्यंतची. कामासाठी जाणाऱ्याच्या चिठ्ठीवर येतानाची गाडी लिहायची त्याची पद्धत नव्हती. बंडूच्याही लिहिली नाही.

त्यानंतर मात्र त्यानं लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीत एक ओळ कायमची झाली. जाणारा दवाखान्यात जावो नाही तर मोर्चाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला कुर्ला लिहिलेलंच. ‘रंगाचं गोदाम. बंडू भुयार म्हणून विचारा. चहा पाजील.’ दर रविवारी बंडूचा फोन रहमतुल्लाच्या गादीच्या दुकानात यायचा. दिवाळीपासून तो थांबला. गोदामाचा नंबर फिरवला की ‘यह नंबर’वाली बाई बोलायची. कौशल्या घाबरली, पण शालिकराम निवांत होता. कारण जानेवारीत रहमतुल्ला जाऊन आला आणि म्हणाला, बरा हाय. होळीला गोदाबाई गेली, तिलाही भेटला. मेच्या सुट्टीत देवराव मास्तर गेले, त्यांनाही भेटला. माणसं भेटून येतात म्हटल्यावर फोनचं काय एवढं! आता पोळा झाला आणि कौशल्यानं हट्टच धरला, मला न्या.

“गल्ली नेमकी लिहून घेतली पाहिजेन,” शालिकराम उठत म्हणाला. “म्हातारपनी तुले वनवन नको.”

गोदाबाईची केळ्यांची गाडी स्टँडच्या फाटकाशीच. “गोदाबाई, बंडूच्या गोदामाकडे जाची खूण सांग बरं. आमी दोघं चाललो.”

गोदाबाईनं हातातला फणा गाडीवर ठेवला. “तुमी? सोता?”

“हौ. वर जा लागते का खाली?”

“वर… वर जा लागते काकाजी. पायऱ्या हायेत. अरुंद हायेत जराशा.”

“पोट्टा कसा दिसला?”

“बारीक झाला. दाढी वाढवली त्यानं.” एवढं बोलून गोदाबाई एका गिऱ्हाइकाशी उगाच हुज्जत घालायला लागली.

शालिकरामनं लिहून घेतलं. ‘पायऱ्या.’ मग तो देवराव मास्तरांच्या घरी गेला. मास्तर ओट्यावर पेपर वाचत होते.

“पायऱ्या?” मास्तर म्हणाले. “नाही हो, पायऱ्या कुठल्या? तळालाच आहे. टिनाचं शेड आहे मोठं. बंडू दारातच उभा होता. अंगानं चांगला भरलाय. मी तर म्हटलं, मुंबई मानवली लेका तुला.”

“दाढी?”

“दाढी कशाला ठेवतो तो! गुळगुळीत.”

शालिकरामची पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. मास्तर होळीनंतर दोन महिन्यांनी गेले होते. दोन महिन्यांत दाढी निघते, माणूस भरतो. पायऱ्या कशा निघतील? बत्तीस वर्षं त्यानं लोकांच्या सांगण्यातून रस्ते जुळवले होते. खोटा रस्ता त्याला वासावरून कळायचा. धर्मशाळेचं नळाचं पाणी तीन-तीन तोंडांनी पारखून घेणारा हा शहाणा, पोराच्या बाबतीत एकदाही पारखायला गेला नव्हता. कोणी ‘भेटला’ म्हटलं की ह्याला पुढं काही ऐकायचंच नसायचं.

तो रस्ता न बघता चालत रहमतुल्लाच्या दुकानात शिरला. रहमतुल्ला कापूस पिंजत होता, भुवयांपर्यंत पांढरा झालेला. चाळीस वर्षांची दोस्ती. दोघांनी एकमेकांच्या पोरांना खांद्यावर घेऊन बहिरमची जत्रा दाखवलेली.

“रहमत, गोदाम वर हाय का खाली?”

रहमतुल्लानं यंत्र बंद केलं. मग डोक्याचं फडकं सोडून त्यानं तोंड पुसलं.

“कुलूप होतं, शालिक.”

“काय?”

“कुलूप होतं गोदामाले. वाचमन बोलला, दिवाळी होताच मालकानं धंदा बंद केला, पोट्टे हाकलले. कोन कुठी गेला त्याले मालूम नाई. म्या आजूबाजूले दोन घंटे इचारलं, खुदाकसम.”

“मंग मले कावून नाई सांगतलं?”

“कसा सांगू? गाडीतून उतरलो तं तू समोर उभा. हातात चहाचे दोन कप घेऊन. ‘भेटला का’ असं तू इचारलंच नाई रे! ‘कसा हाय’ असंच इचारलं. माह्या तोंडातून निंगून गेलं, बरा हाय.” रहमतुल्लानं फडकं मुठीत चुरगाळलं. “मंग गोदाबाई आली रडत. मले कावून नाई भेटला म्हने, तुमाले तं भेटला. म्याच तिले सांगतलं, तूई भेटला म्हन. मास्तरलेई म्याच. सारं पाप माहं हाय.”

“दहा मैने!” शालिकराम ओरडला. रस्त्यावरची माणसं थबकली. “दहा मैने माहा पोट्टा कुठी हाय, जिता हाय का नाई, मले पत्ता नाई, आन् तुमी लोकं मले त्याच्या हातचा चहा सांगून राह्यले! आरं, जानेवारीत सांगतलं असतं तं जानेवारीत शोधाले गेलो असतो! माग तरी गरम होता ना रे तवा!”

“मी येतो संगं. आज निंगू.”

“राहू दे. तू इथीच राह्य. ‘बरा हाय’ म्हनाले पाहिजेन ना इथी कोनी.”

हे शेवटचं वाक्य रहमतुल्लाच्या फार जिव्हारी लागलं, आणि शालिकरामला तेच हवं होतं. पाठ फिरवून तो निघाला. पण घर जवळ येऊ लागलं तसा त्याचा राग गळत गेला. दारात कौशल्या उभी असणार. ती विचारणार, सापडली का खूण? आणि ते तोंड पाहिल्यावर आपणही रहमतुल्लासारखं ‘हौ’ म्हणून मोकळे होऊ की काय, याची त्याला भीती वाटली. माणूस खोटं का बोलतो हे त्याला त्या दहा पावलांत चांगलं समजलं.

कौशल्या दारात नव्हती. मागच्या खोलीत ती पंपांवरची धूळ पुसत होती. आईला कुठं जायचं झालं की घर झाडून जावंसं वाटतं.

“बंडूची माय, बस जराशी.”

“बोला ना, ऐकून राह्यली.”

“तो कोनालेच नाई भेटला. दिवाळीपासून गोदाम बंद हाय. लोकं खोटं बोलले.” बोलता बोलता त्याला रडू फुटलं आणि त्यानं ते आवरलं नाही. “म्याच चिठ्ठी लिहून देल्ली त्याले. म्याच धाडला. जाची गाडी लिहली, येतानाची नाई लिहली. बापानं लिहाले पाहिजेन होती का नाई?”

कौशल्या हातातलं फडकं घेऊन तशीच खाली बसली. धनेगावची पट्टी लावलेला पंप तिच्या मांडीला टेकला होता. ती रडेल, कपाळ बडवून घेईल, सगळ्या परतवाड्याच्या नावानं बोटं मोडेल असं त्याला वाटलं. तिनं पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षर कुणाचं ते माहीत होतं.

“मंग तीन दिवस पुरतीन का?” तिनं विचारलं.

शालिकरामनं बाहीनं नाक पुसलं.

“म्या इचारून राह्यली, तीन दिवस पुरतीन का शोधाले?”

“नाई पुरनार.”

“मंग दशम्या नाई करत. पीठच घेईन संगं. थापीन तिथीच कुठी बी.” ती उठली, पदरानं डोळे पुसले आणि परातीकडं वळली. “तो फोटो काढा पेटीतला. दुकानाच्या उद्घाटनाचा. जुना हाय, पन चालते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक नवीकोरी गादी वळकटी करून ठेवलेली सापडली. फलाटावर पसरता येईल अशी, पातळ आणि रुंद. ठेवणारा दार न वाजवता निघून गेला होता. शालिकराम नुसता बघत उभा राहिला. कौशल्यानं ती उचलून आत नेली.

दुपारी दोघं अमरावतीच्या रेल्वेच्या खिडकीवर रांगेत उभे होते. जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरून हात घालायला जमेना. कागद दोनदा खाली पडले. आत एक तरुण मुलगी होती. तिनं दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळाला आठी घातली.

“काका, चूक झालीय. जाताना दोन माणसं लिहिलीत आणि पंधरा दिवसांनी येताना तीन.”

“बराबर हाय.”

“तिसरं माणूस तिकडंच आहे का?”

“हौ. तिकडंच हाय.”

“ते नक्की येणार ना? नाहीतर कशाला उगाच तिकिटाचे पैसे घालवता?”

आयुष्यभर लोकांचा रुपया न् रुपया वाचवत आलेल्या शालिकरामनं नोटा आत सरकवल्या. मागून कुणीतरी “चला ना बाबा लवकर” म्हणालं. कौशल्यानं खिडकीच्या कठड्याला धरलेला हात सोडला नाही.

“बरं, वय लिहायचं राहिलंय,” मुलगी म्हणाली. “बंडू शालिकराम भुयार. वय किती?”

“गेला तवा चोवीस होता,” शालिकराम म्हणाला आणि त्यानं बायकोकडं पाहिलं.

“सव्वीस लिहा बाई,” कौशल्या म्हणाली. “आता सव्वीसचा असन.”