क्लाइव्हची बोटं

रिमोटची गाडी म्हटलं की लोक हसतात. पोरांचं खेळणं! आमच्या गाड्या पेट्रोलवर चालतात, धष्टपुष्ट कुत्र्याएवढ्या असतात आणि रस्त्यावरच्या खऱ्या गाडीच्या वेगाने सुटतात. अशी एखादी नडगीवर बसली तर हाड राहत नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी ऑस्ट्रेलियात, आमच्या कदीना गावाला यावं आणि धान्याच्या कोठारांमागच्या आमच्या ट्रॅकवर लांबच्या वळणाशी उभं राहून हसावं.

त्याच वळणावर शर्यतीच्या दिवशी सकाळी सरावात माझी गाडी सारखी ऐकेनाशी होत होती. तिथे सिग्नल तुटायचा, गाडी ब्रेक लावून गप्प बसायची आणि क्षणात परत शुद्धीवर यायची. मी बॅटरी बदलली, वायरी हलवून पाहिल्या. गाडी स्टँडवर ठेवून रिमोट घेऊन कुंपणापर्यंत चालत गेले, तर काही बिघाड नाही. बिघाड फक्त त्या वळणावर.

"आज मी नाही पळवत," मी म्हटलं.

मर्व्ह टोनकिन, आमचा अध्यक्ष, हातात खिमा भरलेली, अर्धी खाल्लेली पेस्टी घेऊन आला. "अगं ग्लेनिस, गाडीतला रिसीव्हर मेला असेल. माझ्याकडे नवा आहे, बसवतो लगेच. होईल सगळं ठीक!"

या देशात 'होईल ठीक' म्हणून जेवढी माणसं मेली, तेवढी सापांनी मारली नाहीत. पण गाडी मलाही पळवायची होती. मर्व्हने नवा रिसीव्हर बसवला आणि एका हातात पेस्टी, दुसऱ्या हातात माझा रिमोट धरून रिसीव्हरची रिमोटशी जोडणी केली. आमचा रिमोट पिस्तुलासारखा असतो, ट्रिगर दाबला की गाडी पळते.

आमच्यात एक नियम आहे. तुमची शर्यत संपली की पुढच्या शर्यतीला तुम्ही मार्शल. नारिंगी बंडी आणि हातमोजे घालायचे, वळणावर उभं राहायचं, उलटलेली गाडी उचलायची आणि तोंड पुढच्या दिशेला करून सोडायची. माझ्या आधीची शर्यत माझ्या नवऱ्याची, क्लाइव्हची होती. लांबचं वळण त्याच्या वाट्याला आलं. कानांवर आवाज अडवायची जाड झाकणं लावून तो तिकडे चालत गेला. जाता जाता ओरडला, "माझ्या अंगावर नको हं घालूस! विम्याचे पैसे तुला पुरायचे नाहीत!"

शर्यत सुटली. मी इतर चालकांबरोबर उंच फळीवर उभी. गाडी लांबच्या वळणात शिरली, आमच्याकडे पाठ झाली, आणि सिग्नल तुटला.

या वेळी ती थांबली नाही. इंजिन किंचाळलं.

मी ट्रिगर सोडला, ब्रेक दाबला, काहीच नाही. गाडी सुसाट टायरांच्या भिंतीवर आदळली, गर्रकन फिरली, तोंड माझ्याकडे झालं आणि तिने माझा ब्रेक ऐकला. शांत झाली. क्लाइव्हपासून हातभर अंतरावर. तो पाठमोरा, दुसऱ्याच कुणाची गाडी सरळ करत होता.

तेव्हा मला सगळं कळलं. रिसीव्हर कधीच बिघडला नव्हता. जुन्याची काय, नव्याची काय, अँटेनाची तार गाडीच्या पुढच्या भागात, खाली दबलेली. गाडीने पाठ फिरवली की मध्ये इंजिनाचा लोखंडी गोळा येतो. आणि सिग्नल गेल्यावर काय करायचं, हे रिसीव्हर जोडणीच्या वेळी शिकतो. तेव्हा ट्रिगर जसा असेल तसा. आणि जोडणी करताना मर्व्हचं बोट ट्रिगर दाबून होतं.

आता क्लाइव्ह वळेल. माझी गाडी दोन्ही हातांनी धरेल, बोटं चाकांना लागून. आणि तिची पाठ माझ्याकडे करेल. कारण ट्रॅक तिकडेच जातो आणि त्याला तेच शिकवलंय.

"क्लाइव्ह! हात लावू नकोस!"

कानांवर झाकणं होती. तो वळला. वाकला.

मी फळीवरून उडी मारली. भोंग्यातून मर्व्ह ओरडला, "ग्लेनिस! फळी सोडायची नाही! बाद होशील!" मी ट्रॅकवर पळत होते. ब्रेक दाबलेला, रिमोट डोक्यावर. गाडी वळेल तसं मला तिच्या तोंडासमोर राहायचं होतं, बस्स. एक गाडी माझ्या घोट्याला घासून गेली. खाली पडले, उठले, लंगडत पळाले. क्लाइव्हने गाडीची शेपटी उचलली. फिरवू लागला. इंजिन एकदाच किंचाळलं, त्याचा हात झटक्याने मागे गेला, आणि मी समोर पोचले. इंजिनाचा आवाज खाली आला. मी गाडीवर पडून इंजिनाचं लाल बटण दाबलं.

क्लाइव्हने कानांवरचं काढलं. "डोकं फिरलंय का तुझं?"

त्याच्या हातमोज्याचं एक बोट चिंध्या झालं होतं. मी मोजा ओढून काढला. आतलं बोट शाबूत होतं. मी पुन्हा पुन्हा मोजत बसले, पाच, पाच.

मर्व्ह धावत आला. "लागलं नाही ना कुणाला? मग झालं तर! कशाला एवढा तमाशा?"

मी गाडी दुरुस्तीच्या तंबूत नेली, मागची चाकं अधांतरी राहतील अशी स्टँडवर ठेवली आणि इंजिन चालू केलं. रिमोट हातात, सिग्नल पक्का, चाकं स्थिर. सगळे भोवती जमले.

"मर्व्ह, ये. चाकावर हात ठेव."

"का?"

"मी रिमोट बंद करणार आहे, म्हणजे सिग्नल जाईल. होईल सगळं ठीक. ठेव हात."

तो हसला. पुढे आला, हात चाकापर्यंत नेला. मग माझ्या हातातल्या रिमोटच्या ट्रिगरकडे बघितलं आणि चेहऱ्यावरचा रंगच गेला. आपलं बोट सकाळी कुठे होतं ते त्याला आठवलं असावं.

त्याने हात मागे घेतला. मी रिमोटच्या बटणाला अजून हातही लावला नव्हता.