आपापला कप

बहात्तरच्या दुष्काळाला सगळे शिव्या देत्यात. म्या न्हाय देत. त्याच दुष्काळात आमचं हाटेल उभं राहिलं, मग शिव्या कुठल्या तोंडानं देऊ?

माझे मालक मच्छिंद्र तवा नुकतेच पलटणीतनं घरी आले होते. तेरजवळ तलावाचं दुष्काळी काम निघालं. खडी फोडायला, माती वाहायला मायंदाळ माणूस. ह्यांनी तिथंच चार मेढी रोवल्या, वर पोती टाकली अन् चहा सुरू केला. पाटीवर तीन रंग, मधी चक्र, खाली ‘जय हिंद हाटेल’. भिंत न्हवती, तरी मेढीला भारताचा नकाशा टांगला. गिऱ्हाईक आलं की ‘जय हिंद’ म्हणायचं. रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की सगळ्यांनी उभं राहायचं, मग हातात गरम भजं का असंना.

अन् नियम एकच. ज्यानं त्यानं आपला कप आपणच विसळायचा. पाटील असो का पाथरवट. “पलटणीत जो तो आपला चहाचा मग आपणच धुतो,” हे म्हणायचे, “कुणाची जात पाण्यात विरघळत न्हाय.” लोक कुरकुरले, पण रांजणापाशी वाकले. तलफ आली की ताठा उतरतो.

वाकले न्हाईत ते एकटे माझे वडील, ज्ञानोबा. आबांनी अर्धा जन्म तेरच्या सिद्रामप्पांच्या हाटेलाबाहेर बसून चहा पिलेला. आमच्या लोकांचे कप तिथं बाहेरच्या कोनाड्यात असायचे. प्यायचा, आपणच विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. बुद्धाचा धम्म घेतला तवापासनं आबांनी ती पायरी सोडली. आमच्याकडं पहिल्यांदा आले, नियम ऐकला, अन् भरलेला कप तसाच खाली ठेवला.

“जावईबापू, तिथं विसळून विसळून बोटं झिजली माझी. आता लेकीच्या दारातबी विसळू व्हय?”

“आबा, इथं सगळेच विसळत्यात,” म्या म्हणाले.

“सगळ्यांचं मला सांगू नगंस,” म्हणाले अन् निघून गेले.

म्या मालकांवर लई तडकले. “एका म्हाताऱ्याचा कप म्या विसळला तर तुमचा देश बुडतो का?”

“न्हाय बुडत,” हे म्हणाले. “पण मग पाटलाचा कोण विसळणार, ते सांग.”

माझ्या बापानं माझ्या हाटेलात एक कप चहा प्यावा, एवढंच मला पायजे होतं.

हाटेल मातूर वाढलं. सास्तूरकडं रस्त्याचं काम निघालं, तिथं दुसरं. भूमच्या बाजारात तिसरं, श्रीपती नावाच्या दोस्ताच्या भागीत. तीन गावांत तीन रंगांच्या पाट्या! म्या तर शेठाणीवाणी चालायचे.

मग पाऊस पडला, दुष्काळी कामं बंद झाली. सगळा मुलूख हसला, आमची सास्तूरची चूल तेवढी इझली. भूमचं जोरात होतं. पण श्रीपतीनं तिथं सोसायटीच्या पुढाऱ्यांचे कप विसळायला गडी ठेवला, बाकीच्यांनी आपले आपण. ह्यांच्या कानावर गेलं. एसटीनं गेले, पाटी उतरवली अन् एसटीच्या टपावर टाकून घरी आणली. कंडक्टरनं पाटीचं तिकीट फाडलं ते निराळंच.

“चालता धंदा मोडला की वो!” म्या कपाळ बडवलं.

“चालत होतं ते आपलं हाटेल न्हवतं,” हे म्हणाले.

राहिलं ते तेरचं, तलावावरनं हलवून एसटी थांब्यापाशी पत्र्याचं केलेलं. खरं सांगू का, एकच बरं. भाकरी सुखाची, माणसं वळखीची. आबा तेवढे दारातनंच परत जायचे, ते मातूर सलत होतं.

पुढं सिद्रामप्पांचं हाटेल बंद पडलं, पोरं सोलापूरला गेली. हाटेल बंद पडलं तरी तलफ थोडीच बंद पडती? एक दिवस म्हातारा आमच्या बाकावर येऊन टेकला. नेमके त्याच वक्ताला आबा माझ्यासाठी रानातली वाळकं घेऊन दारात आलेले. सिद्रामप्पांना बघून तिथंच थबकले.

सिद्रामप्पांनी चहा संपवला अन् इकडंतिकडं बघत म्हणाले, “कप कोण उचलतंय?”

“जय हिंद, अप्पा,” हे म्हणाले. “रांजण तिकडं हाय.”

म्हातारा आता कप आपटणार, असं वाटलं. पण उठला, धोतर सावरत वाकला अन् कप विसळू लागला.

आबा आत आले. बाकावर बसले. “चांगुणे, चहा टाक.”

घाईघाईत म्या साखर दोनदा टाकली. आबांनी बशीत ओतून फुर्र फुर्र करत सगळा संपवला. म्या कप घ्यायला हात पुढं केला.

“सरक,” आबा म्हणाले. “अप्पांचं होऊ दे, मग माझा नंबर.”

कप विसळला अन् त्यांची नजर बाहेर गेली, भिंतीत कोनाडा हुडकत. जल्माची सवय! “आबा, इथं,” म्हणत म्या फळी दाखवली. सगळ्या कपांत त्यांनी आपला पालथा घातला. जाताना दारातनं वळून फळीकडं बघितलं.

“चांगुणे, त्यातला माझा कंचा गं?”

“आता कसा वळखायचा, आबा?”

“व्हय की,” आबा म्हणाले, अन् परत येऊन बाकावर मांडी घालून बसले. “मग टाक अजून एक.”